टाकीचंच प्लास्टिक

भंगारवाल्याने कयाकच्या, म्हणजे एका माणसाच्या वल्ह्याच्या बोटीच्या, मध्यावर दोरीचा फास टाकला, हुकाच्या काट्याला अडकवला, पोराला टोक सावरायला सांगितलं आणि आकडा वाचला. १९ किलो ४०० ग्रॅम. मग बोटाच्या पेराने तिच्या पोटावर टकटक केलं, नखाने ओरखडा काढला आणि म्हणाला, “टाकीचंच प्लास्टिक आहे काका. टाकीचाच भाव लागेल.” काका म्हणजे आमच्या सोसायटीतले, सत्तरीला टेकलेले. पार्किंगच्या भिंतीला कित्येक वर्षं ही बोट टांगलेली होती. मूळची लालभडक, आता शंभरदा धुतलेल्या खणासारखी फिकी गुलाबी. इमारतीचं रंगकाम निघालं, भिंती मोकळ्या करा अशी नोटीस लागली आणि रद्दी, गंजकी सायकल, मोडका कूलर यांच्या रांगेत बोटही येऊन बसली. काकांनी भावावरून हुज्जतसुद्धा घातली नाही. एवढंच म्हणाले, “आतला फोम तुझ्या काही कामाचा नाही, तेवढा काढून देतो.” कटर घेऊन गुडघ्यांवर बसले, बोटीच्या बसायच्या भोकात खांद्यापर्यंत शिरले आणि पाच-सात मिनिटं तसेच राहिले. बाहेर आले ते रिकाम्या हातांनी. “राहू दे ही. बाकीचं घेऊन जा.”

भंगारवाल्याला नवल वाटलं नाही. असली गिऱ्हाइकं त्याला रोज भेटत असणार. मला मात्र दोन गोष्टी टोचत राहिल्या. एक म्हणजे, तो म्हणाला त्यात काडीचीही चूक नव्हती. आणि दुसरी, अख्खी बोट काट्याला लटकलेली पाहून न हललेला माणूस फोमच्या चार तुकड्यांपाशी का अडला?

गच्चीवरची पाण्याची टाकी आणि ही बोट एकाच रीतीने जन्माला येतात. पॉलिथिलीनची पिठासारखी पूड वजन करून पोकळ धातूच्या साच्यात ओततात, साचा बंद करून सुमारे ३०० अंशांच्या भट्टीत ढकलतात आणि फिरवत राहतात. टाकीचा साचा दोन अक्षांवर गरगर फिरतो. कयाकचा साचा लांबट, तो आडवा फिरता फिरता पाळण्यासारखा झुलतोही, म्हणजे पूड नाकापासून शेपटापर्यंत सरकत राहते. आत दाब नाही, पिचकारी नाही. तापलेल्या भिंतीला पूड चिकटते, वितळते, तिच्यावर पुढची चिकटते, असं करत पाच-सहा मिलिमीटरचा थर धरतो. साचा जिथे जास्त तापला तिथे थर जाड, जिथे कमी तापला तिथे पातळ. नंतर सावकाश निववायचं. घाई केली तर एक बाजू आधी आकसते आणि बोट जन्मभर एका अंगाला ओढत राहते. एकाच साच्यातल्या दोन बहिणी पाण्यावर सारख्या चालत नाहीत त्या अशा कारणांनी. अमेरिकेत १९७३ साली नदीसाठीची अशी पहिली कयाक आली. त्याआधी फायबरग्लासच्या असायच्या, म्हणजे रविवारी खडकावर फोडायची आणि उरलेला आठवडाभर चिकटवत बसायचं. टाकीच्या प्लास्टिकने ही कटकट संपवली. खडकावर आपटलं की ते वाकतं, घासतं, ओरखडे घेतं आणि पुन्हा आपल्या आकारात येतं. तेव्हा भंगारवाल्याच्या बोलण्यात अपमान शोधायचं कारण नाही. टाकीचं प्लास्टिक हाच या बोटीचा मोठेपणा आहे.

पण कारखान्याचं काम भोक कापून, त्यात बैठक बसवून संपतं. तिथून पुढचं काम बसणाऱ्याचं, आणि ते काम फोमचं असतं.

कयाकमध्ये बसत नाहीत, ती घालतात. नदीवरची मुलं हेच क्रियापद वापरतात, आणि ते शब्दशः खरं आहे. माणूस बोटीला पाच ठिकाणी टेकलेला असतो: बैठकीला बूड, पट्ट्याला कंबर, दोन्ही बाजूंच्या पॅडना नितंब, वरच्या पाखांना, म्हणजे मांडी अडवणाऱ्या कडांना, मांड्या, आणि पुढच्या ठोकळ्यांना तळपाय. यातली एक जागा जरी सैल राहिली तरी शरीर हलतं आणि बोट जागची हलत नाही. म्हणून बंद पेशींचा, पाणी न पिणारा फोम आणून आपल्या अंगाच्या बेताने कापायचा. करवतीच्या पात्याने आधी ओबडधोबड आकार, मग कानशीने आणि शेवटी पॉलिश पेपरने गोलाई. नितंबाच्या दोन्ही बाजूंना तळहात जेमतेम सरकेल इतकीच फट ठेवायची. पहिल्यांदा करणारे हमखास जास्त घट्ट करतात. दुकानात, अंगणात छान वाटतं. पाण्यात वीस मिनिटांनी पायांना मुंग्या येतात आणि उतरायच्या वेळी पाय आपले राहिलेले नसतात. म्हणून जाणकार सांगतात की चिकटवण्याआधी बोट बैठकीच्या खोलीत आणा, खाली गादी घाला आणि आत बसून क्रिकेटची दहा-बारा षटकं पाहा. कुठे टोचतं, कुठे झोपतं, ते आपोआप कळतं. पाय ठोकळ्याला असे टेकले पाहिजेत की चवडा दाबला की गुडघा वर जाऊन पाखाला भिडेल, आणि सैल सोडला की मांडी विसावेल. सगळं पुन्हा पुन्हा बसून पाहायचं आणि मगच दोन्ही पृष्ठभागांना सोल्यूशन लावून, दहा मिनिटं सुकवून दाबायचं. एकदा दाबलं की सरकवता येत नाही, एका झटक्यात नेमकं बसवायला लागतं. यात प्रत्येकाची एक ना एक चूक ठरलेली.

एवढा खटाटोप कशासाठी, ते बोट उलटली की कळतं. डोकं खाली, नाकात पाणी, कानात नदीचा आवाज बदललेला. अशा वेळी वल्ह्याने स्वतःला वर काढायचं असा नवख्यांचा समज असतो. वल्हं फक्त क्षणभराचा आधार देतं. बोट वर येते ती गुडघ्याने: एक गुडघा पाखाला वर खेचायचा, कमरेपासून पीळ द्यायचा, आधी बोट सरळ, मग धड आणि डोकं सगळ्यात शेवटी. डोकं आधी काढायला गेलात की पुन्हा खाली. या पीळात नितंबाजवळ दोन बोटांचं अंतर जरी मोकळं असलं तरी सगळा जोर त्या मोकळ्या जागेतच विरतो. तेव्हा तो फोम म्हणजे उशी नव्हे, तो सांधा आहे.

काकांच्या बोटीत डावा पॅड उजव्यापेक्षा बोटभर जाड आहे. माणूस सरळ बसतो असं त्याला फक्त वाटत असतं. कुठला तरी एक खांदा पडलेला, एक नितंब चढलेला असतोच. आणि दोन्ही पॅडना थर आहेत. मूळ पॅड जाड होते, मग एक थर सोलून काढला, काही वर्षांनी आणखी एक. कमरेचा घेर वाढत गेला तसतसा फोम पातळ होत गेला. वजनकाट्यावर खोटं बोलता येतं, पॅंटचं बटण सरकवता येतं, पण कयाकला काही सांगायची सोय नाही. झाडाच्या खोडात वर्षं मोजता येतात तशी त्या पॅडच्या कडेला काकांची पस्तिशी, पन्नाशी आणि साठी एकावर एक दिसते. उलट्या क्रमाने, अर्थात. जे दिसतं ते उरलेलं.

हे सगळं ज्यांच्याकडून आलं त्या ग्रीनलँडच्या लोकांनी बोट आणि अंग यांच्यात इतकीसुद्धा फट ठेवली नव्हती. त्यांच्याकडे बोटीचं माप माणसावरूनच घेत. लांबी साधारण तीन वाव. कोकणात पाण्याची खोली ज्या वावात सांगतात तीच ही, पसरलेल्या दोन हातांची. रुंदी म्हणजे कंबर अधिक दोन मुठी. मांड्यांवरून जाणारी कमानीसारखी आडवी पट्टी, तिला ते मासिक म्हणतात, तिची उंची त्या माणसाच्या मांडीवर मूठ ठेवून ठरवायची. बोटीजोगं लाकूड त्यांच्या भूमीत उगवत नाही. सायबेरियातल्या नद्यांनी समुद्रात सोडलेले ओंडके बर्फाबरोबर वाहत किनाऱ्याला लागत, त्यातून सांगाडा. खिळा नाही, लाकडी खुंट्या आणि चामड्याच्या वाद्या. बरगड्या वाकवताना तंतू सैल व्हावेत म्हणून दातांनी चावत नेत, त्यामुळे कधी कधी जुन्या सांगाड्यांच्या बरगड्यांवर करणाऱ्याच्या दातांचे वळ सापडतात. वरून सीलची कातडी. ती शिवायचं काम बायकांचं, आणि शिवणारीच्या हातावर घरच्या पुरुषाचा जीव. धागा प्राण्याच्या स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेचा, टाका कातड्याच्या अर्ध्या जाडीतून न्यायचा, आरपार जाऊ द्यायचा नाही, म्हणजे भोकच पडत नाही. कातडं सुकलं की ढोलकीसारखं ताणतं. मग चरबी चोळायची, वाळवायची, पुन्हा चोळायची. तरीही एक-दोन वर्षांत ते बदलावं लागे. सांगाडा तोच, कातडं नवं.

अशी बोट दुसऱ्या कुणाला बसत नाही. मुलगा बापाच्या उंचीचा निघाला तर ठीक, नाहीतर त्याची त्याने नवी बांधायची. जुन्या काळी माणूस गेला की त्याची कयाक आणि हत्यारं त्याच्या थडग्याशी ठेवत. ठेवणार नाही तर करणार काय? आपल्याकडे वापरत्या चपलांचं जे होतं तेच.

इंग्लंडमध्ये हल नावाचं बंदर आहे. तिथल्या दर्यावर्दींच्या जुन्या संस्थेत, ट्रिनिटी हाऊसमध्ये, एक कयाक छताला टांगलेली आहे. १६१३ साली ग्रीनलँडच्या सफरीवरून परतताना अँड्र्यू बार्कर या कप्तानाने ती समुद्रात पकडली. आतल्या माणसासकट. माणूस तीन दिवसांत मेला, बोट उरली. आज तिच्यात त्याचा पुतळा बसवलेला आहे. कप्तानाचं नाव लेखात कोरलेलं, साल कोरलेलं, त्या माणसाचं नाव नाही. मला या गोष्टीत सगळ्यात खुपतं ते पुतळ्याचं. रिकामी बोट टांगता आली नसती का? पण बघणाऱ्यांनाही ते भोक रिकामं बघवलं नसावं. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या खलाशांनाही कळलं होतं की ही वस्तू माणसावाचून अर्धी आहे.

आता प्रेम म्हटलं की निगा आली, आणि निगेच्या बाबतीत बहुतेक प्रेमळ माणसं आपल्या बोटीची वाट लावतात. पहिला शत्रू ऊन. टाकी गच्चीवर वर्षानुवर्षं तापते तरी टिकते, कारण तिच्या काळ्या रंगात काजळी असते. काजळी अतिनील किरणं स्वतः पिते आणि प्लास्टिकला वाचवते. कयाकला लाल, पिवळी, निळी असण्याची हौस. तिच्यात मिसळलेलं उनाचं औषध काही वर्षांत संपतं, मग पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होतो, बोट फिरवलं की बोटाला पूड लागते, आणि जे प्लास्टिक वाकायचं ते तडकायला लागतं. लाल रंग सगळ्यात आधी उडतो. म्हणून सावली, आणि सावली नसेल तर जाड कापडाची खोळ. निळी ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळू नये. आत वाफ कोंडते, बुरशी धरते आणि उंदरांना आयतं घर मिळतं. उंदरांना फोम फार आवडतो. कुंभारीण माशीला बोल्टची रिकामी भोकं आवडतात, तिथे ती मातीचं घर बांधते आणि पुढच्या मोसमात स्क्रू का बसत नाही म्हणून आपण डोकं खाजवतो.

दुसरा शत्रू बोटीचं स्वतःचं वजन. पोटावर, दोन अरुंद आडव्या लाकडांवर महिनाभर ठेवली की एप्रिलच्या उकाड्यात पोट त्या दोन ठिकाणी आत जातं. गाडीच्या टपावर पट्टा करकचून आवळला तरी तेच होतं, कारण बोट हलू नये या काळजीने आवळणारा ती चपटी करून ठेवतो. टोकांच्या दोऱ्यांवर टांगली तर काही वर्षांत केळ्यासारखी वाकते. बरोबर रीत म्हणजे दोन रुंद पट्टे, किमान चार बोटं रुंदीचे, प्रत्येक टोकापासून लांबीच्या साधारण पाव अंतरावर, आणि बोट कडेवर किंवा उलटी. पोचा आलाच तर घाबरू नये. पॉलिथिलीनला आपला मूळ आकार आठवतो. बोट उन्हात ठेवायची, पोच्यावर काळं फडकं घालायचं, अर्ध्या-पाऊण तासाने आतून तळहाताने दाबायचं. ऐकत नसेल तर उकळतं पाणी ओतायचं, आतून लाकडी पट्टीचा टेकू देऊन ओल्या गार फडक्याने निववायचं आणि टेकू रात्रभर राहू द्यायचा. हॉट एअर गन हातात घेण्याचा मोह आवरावा. ती एकाच जागी चमक आणते, ती चमक म्हणजे पातळ झालेली जागा.

जुन्या लांब बोटींत आणखी एक गोष्ट पाहायची, तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. पुढे आणि मागे, पोट आणि पाठ यांच्यामध्ये फोमची उभी भिंत असते. खडक आणि प्रवाह यांच्यात बोट चेमटली तर पाठ खाली बसून आतले पाय अडकू नयेत, यासाठी ती. ही भिंत सरकली असेल, डुगडुगत असेल तर बोट कितीही लाडकी असो, पाण्यात न्यायची नाही. शेपटात हवेची पिशवी हवीच, नाहीतर बुडालेल्या बोटीत दोनेकशे लिटर पाणी मावतं, म्हणजे दोनशे किलोचा दगड, आणि तो तुमच्या मागून येत असतो.

आणि मग चीर. ती बहुधा बैठकीच्या खाली पडते, कारण खडकावरून घसरताना माणसाचं सगळं वजन तिथेच पोटावर दाबलेलं असतं, नाहीतर बोल्टच्या भोकापासून निघते, कुणीतरी पाणी गळतं म्हणून बोल्ट जास्त पिळलेला असतो म्हणून. पॉलिथिलीनवर इपॉक्सी लावून काही होत नाही. वाळतं छान, दिसतं छान, दुसऱ्या दिवशी नखाने खपली निघते. या प्लास्टिकला काही चिकटतच नाही. लोणच्याच्या बरणीला म्हणूनच ते चालतं आणि दुरुस्तीला म्हणूनच नडतं. ते जोडायचं ते त्याच्याच जातीने, वितळवून. आधी बघायचं की ते वितळणारं आहे का. भोकाच्या कडेचा छोटासा तुकडा तापलेल्या सुरीला लावायचा. पाघळला तर जोडता येईल. नुसता मऊ रबरासारखा होऊन करपला तर त्या बोटीचे धागे आतून एकमेकांना बांधलेले आहेत, तिला नुसतं थोपटता येतं. पाघळणारी असेल तर चिरेची दोन्ही टोकं भिंगाने शोधून तिथे तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. मग कटरने चिरेची इंग्रजी व्हीसारखी खाच करायची, जाडीच्या दोन तृतीयांशापर्यंत. दोन्ही बाजूंचा बोटभर भाग खरवडून पांढुरकं मेलेलं प्लास्टिक काढून टाकायचं, कारण उन्हाने मारलेला थर कशातच मिसळत नाही. स्पिरिटने पुसायचं. त्याच प्लास्टिकच्या पाच-सहा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढायच्या. गनची हवा पट्टी आणि खाच दोन्हींवर एकदम धरायची. हे प्लास्टिक १२५ अंशांच्या आसपास वितळतं. पृष्ठभाग घामेजल्यासारखा ओला चमकला की तो क्षण, पट्टी दाबायची आणि अंगठ्याएवढं पुढे सरकायचं. धूर आला तर उशीर झाला, तो भाग खरवडून पुन्हा. आतल्या बाजूने स्टीलच्या जाळीचा तुकडा तापवून अर्धा रुतवायचा आणि वर आणखी एक थर द्यायचा. पाणी ओतून थंड करू नका. ते आकसेल, आणि आकसताना शेजारीच नवी चीर देईल.

इतकी मेहनत केलेल्या बोटीबद्दल माणसाला काय वाटतं, याला मला अजून नेमका शब्द मिळालेला नाही. माया म्हणावं तर मायेत समोरच्याचे दोष दिसत नाहीत. इथे माणूस दोषच पाठ करून बसलेला असतो. कुठल्या बाजूला ओढते, कुठल्या वेगाला शेपूट मारते, मागून लाट आली की किती उशिरा उठते. भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटलं की कुंडलिका नदी भर एप्रिलमध्येही फेसाळत धावते. तिथे नवी कोरी, आखूड, चपळ बोट घेतलेली मुलं आणि वीस वर्षं जुन्या लांब बोटीतला एखादा पन्नाशीचा गडी शेजारी शेजारी पाहावेत. मुलं बोटीला सारखी दुरुस्त करत असतात, इकडे एक वल्हं, तिकडे एक वल्हं. गडी नुसता कंबर कलती करतो. ती चुकणार कुठे, हे त्याला आधीच ठाऊक असतं. खंडेनवमीला त्याच्या बोटीवर झेंडूची माळ असते, गाडीच्या आणि मिक्सरच्या रांगेत, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण याच्या नेमकं उलट उदाहरणही आहे आणि ते मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. ऑस्कर श्पेक नावाचा जर्मन तरुण १९३२ साली उल्म गावातून डॅन्यूब नदीत घडीची कयाक घेऊन उतरला. लाकडी सांगाडा, वर रबरी कापड. भूमध्य समुद्र, युफ्रेटिस, इराणी आखात, मकराणचा किनारा, मग आपला सगळा पश्चिम किनारा उतरून सिलोन. गलबतं आणि मचवे ये-जा करतात त्या पाण्यातून हा एकटा माणूस शिडाच्या चिंधीवर आणि वल्ह्यावर खाली सरकत गेला. सात वर्षांनी, १९३९च्या सप्टेंबरमध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या बेटावर पोचला, तेव्हा युद्ध सुरू झालं होतं आणि त्याला शत्रू राष्ट्राचा माणूस म्हणून पकडून ठेवण्यात आलं. या सात वर्षांत त्याची बोट एकच नव्हती. खारं पाणी, लाटांचा मारा, उन्हाने सडलेलं रबर. एक संपली की जर्मनीहून दुसरी मागवायची. त्याचा जीव बोटीत अडकला असता तर तो वाटेतल्या सायप्रस बेटाच्या पुढे गेला नसता, असं मला कधी कधी वाटतं. ग्रीनलँडचा शिकारीही दर वर्ष-दोन वर्षांनी कातडं फाडून टाकतच होता. जीव लावणारा आणि पुढे जाणारा, हे दोघं एकाच बोटीत बसू शकतात की नाही, याचा निकाल मला देता येत नाही.

आणि अंगाला चिकटलेल्या या बोटीची एक भीतीही आहे. ग्रीनलँडमध्ये तिला नांगियार्नेक म्हणतात. समुद्र आरशासारखा शांत, वारा नाही, ऊन डोळ्यांवर, शिकारी सीलची वाट पाहत निश्चल बसलेला. अशा वेळी अचानक त्याला वाटायला लागतं की बोटीचं नाक लांब लांब जातंय, पाणी आत शिरतंय, आपण बुडतोय. हात हलेनासे होतात. वादळात हे होत नाही, शांततेत होतं. कुणी दुसऱ्याने येऊन त्याच्या बोटीला हात लावला, किंवा वाऱ्याने पाण्यावर नुसती सुरकुती उठवली, तरी तो शुद्धीवर येतो. एकदा ज्याला झालं त्याला पुन्हा होतं, आणि कित्येकांनी त्यापायी कयाक कायमची सोडली. आपण कुठे संपतो आणि बोट कुठे सुरू होते ती रेघ पुसली गेली, की कौशल्यही येतं आणि हेही येतं. काकांनी पाण्यात उतरणं का थांबवलं ते मी विचारलेलं नाही. गुडघे, ते म्हणतात.

भंगारवाला पुढच्या रविवारी कूलरचा उरलेला पत्रा न्यायला आला. बोट दोन स्टुलांवर उलटी पडली होती, पोटावर बैठकीच्या जागी वीतभर चीर, खडूने अधोरेखित केलेली. रंगकाम संपेपर्यंत ती तशीही टांगता येणार नव्हती, म्हणून काकांनी तिला उघडलं होतं. चीर जोडायला बैठक काढावी लागते आणि बैठक काढायला फोम. तो या खेपेला निघाला होता, वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेला, प्रत्येक तुकड्यावर बॉलपेनने डावा, उजवा, वर, खाली. भंगारवाल्याने चीर पाहिली, हातगाडीशी गेला आणि फुटक्या टाकीचा ढालीसारखा काळा तुकडा घेऊन आला. “टाकीचंच आहे,” म्हणाला. काकांनी त्यातला नखाएवढा कपचा कापून बादलीत टाकला. तरंगला. दुसऱ्या कपच्याला काडी लावली, निळसर ज्योत, मेणबत्तीचा वास, थेंब थेंब गळणं. मग सुरी तापवून तिला लावून पाहिला, आणि तीच सुरी बोटीच्या कडेलाही. दोन्ही सारखेच पाघळले. काकांनी मान डोलावली. पैसे विचारले तर भंगारवाला म्हणाला, “राहू दे काका, शंभर ग्रॅमचं काय घेऊ.”

दुपारी गुलाबी पोटावर काळी रेघ उमटली. हाताने ओढलेली, एका जागी फुगीर, एका जागी किंचित वाकडी. तासाभराने बोट सरळ करून भोकातून चार बादल्या पाणी ओतलं आणि आम्ही दोघं स्टुलांमध्ये उकिडवे बसून खालून बघत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग रेघेच्या डाव्या टोकाला, जिथे भोक पाडलं होतं त्याच्या जरा पुढे, मोहरीएवढा थेंब जमला, फुगला, पडला. त्यामागून दुसरा.

“बघ, चीर पुढे गेलेली होती,” काका म्हणाले, आणि खडू मागितला.